पाचशे वाव खोलीचे ऐकीव मासे

१५ ऑगस्ट १९३४. अटलांटिक महासागरात, बर्म्युडा बेटांजवळ, एका जुन्या बार्जवरून पोलादाचा एक गोळा पाण्यात सोडलेला आहे. दोराच्या टोकाला तो ३,०२८ फूट खाली लोंबकळतोय, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या हिशेबात पाचशे वाव. आत दोन माणसं अंग चोरून बसली आहेत. त्यांतला एक जण खिडकीला नाक लावून बाहेर जे दिसेल ते फोनवर सांगतोय, आणि वर ते शब्द वहीत उतरवून घेतले जातायत. या शब्दांची सगळ्यात जास्त गरज आहे ती एका चित्रकार बाईला. ती कधीच त्या गोळ्यात बसली नाही. तरी जगाने खोल समुद्रातले मासे पहिल्यांदा पाहिले ते मुख्यतः तिच्या चित्रांत.

तिचं नाव एल्झे बोस्टेलमान. सागरी जीवांची चित्रं म्हटली की हल्ली आपल्या डोळ्यांसमोर इमारतींच्या भिंतींवरचे निळेशार देवमासे येतात. बोस्टेलमानबाईंचं काम त्याहून वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त अवघडही.

पाण्यात लाल रंगाचं काय होतं

समुद्राखालचं चित्र काढणाऱ्याची पहिली अडचण रंगाची. सूर्यप्रकाशातले सगळे रंग पाण्यात सारख्या खोलीपर्यंत पोचत नाहीत. लाल सगळ्यात आधी शोषला जातो. पाचदहा मीटरवर तो जवळजवळ संपतो. मग नारिंगी, मग पिवळा. सगळ्यात खोलवर जातो तो निळा. म्हणून वीसपंचवीस मीटरवर बोट कापलं तर रक्त लाल दिसत नाही, हिरवट-काळपट दिसतं. तारकर्लीला किंवा मालवणला स्कूबा करून आलेल्यांनी आपले फोटो आठवावेत. अंगावरचा लाल पट्टा फोटोत मातकट झालेला असतो आणि माणूस निळसर, आजारी दिसतो. आणि तिथे आपण फार खोल गेलेलोही नसतो.

दुसरी गडबड अंतराची. काचेआडून पाण्यात पाहिलं की वस्तू खऱ्यापेक्षा जवळ आणि साधारण एक-तृतीयांशाने मोठी भासते. वीतभर मासा पाहून आलेला माणूस हातभर मासा सांगतो तो दरवेळी थापाच मारत असतो असं नाही.

तिसरी गोष्ट मासळी बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको. जाळ्यातून नुकताच निघालेला बांगडा आणि दुपारी पाटीत पडलेला बांगडा यांच्या पाठीवरचा निळा-हिरवा झळाळ एकच नसतो. मांदेलीचा सोनेरी रंग तासातासाने उतरतो. मेल्यावर माशाचा रंग जातो, आणि बाटलीतल्या दारूत किंवा फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की उरलेलाही जातो. मग माशाचा खरा रंग कोणता? पाण्यात दिसतो तो, का वर आणून उन्हात दिसतो तो? बोस्टेलमानबाईंना दोन्ही रंगवावे लागले.

त्यांच्या आधी पाण्यात उतरलेले दोघे

पाण्याखाली बसून चित्र काढायची कल्पना जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्या शेजारून जातो. ऑस्ट्रियाचे बॅरन ऑयगेन फॉन रॅन्सोनेट १८६४-६५ मध्ये सिलोनला आले होते. त्यांनी लोखंडी पत्र्याची, जाड काच बसवलेली एक घंटा बनवून घेतली. घंटेत डोकं आणि खांदे, पाय बाहेर पाण्यात, आणि वरच्या होडीतून नळीने हवा, अशा थाटात बसून त्यांनी गॉलजवळच्या प्रवाळांची रेखाटनं केली. त्यांवरून केलेले शिळाछाप १८६७ मध्ये व्हिएन्नात पुस्तकरूपाने निघाले. त्या चित्रांत सगळीकडे एक धूसर हिरवी-निळी छटा आहे. वर येऊन आठवणीने चटकदार रंग भरायचा मोह त्यांनी टाळला, हे विशेष.

दुसरे झार प्रिचर्ड. जन्म १८६६, मद्रासचा, शिक्षण एडिंबरात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ताहितीला पोचले आणि पाणबुड्याचं हेल्मेट घालून थेट तळाशी रंगवू लागले. कॅनव्हासऐवजी तेलात मुरवलेलं कातडं, आणि तैलरंग. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून हे जमतं. जलरंगांचं तिथे काय झालं असतं ते सांगायला नको. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेअर स्वतः समुद्रशास्त्रात बुडालेले होते. त्यांनी प्रिचर्ड यांची चित्रं विकत घेतली. पण प्रिचर्ड यांना हवा होता तो तिथला धूसर, स्वप्नासारखा प्रकाश. माशाच्या परात किती काटे आहेत याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बोस्टेलमानबाईंना ते काटे मोजावे लागत.

लाइपझिग ते बर्म्युडा

बोस्टेलमानबाईंचा जन्म १८८२ चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. वायमारच्या कला अकादमीत शिक्षण, १९०९ मध्ये अमेरिका. नवरा चेलोवादक, दोघांनी टेक्सासात कापसाची शेती करून पाहिली. तो १९२० मध्ये वारला आणि बाई मुलीला घेऊन न्यूयॉर्कला आल्या. पुढची काही वर्षं चित्रांवर पोट चालवण्यात गेली.

१९२९ मध्ये न्यूयॉर्क झूऑलॉजिकल सोसायटीच्या उष्णकटिबंधीय संशोधन विभागात त्यांना काम मिळालं. विभागाचे प्रमुख विल्यम बीबी हे पक्षीतज्ज्ञ, नंतर समुद्रात ओढले गेलेले, लेखणीचे बळकट आणि प्रसिद्धीची हौस असलेले. आपल्या पथकात ते स्त्रियांना मोकळेपणाने घेत. त्या काळच्या अमेरिकी वैज्ञानिक मोहिमांत हे नवलाचं होतं. पथकाचा मुक्काम होता बर्म्युडातल्या नॉनसच या छोट्या बेटावर.

शिसं बांधलेली रंगपाटी

बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात बोस्टेलमानबाई स्वतः उतरत. पद्धत साधी आणि थोडी भीतिदायक. सुमारे साठ पौंडांचं, म्हणजे २७ किलोंचं तांब्याचं हेल्मेट खांद्यांवर टेकवायचं आणि शिडीने तळाशी जायचं. हेल्मेट खालून उघडं असे. होडीतला माणूस पंप मारत राही, नळीने हवा येई आणि त्या हवेच्या जोरावर पाणी हनुवटीच्या खाली थोपून राही. याचा अर्थ असा की आत वाकायचं नाही. खाली पडलेली वस्तू वाकून उचलायला गेलं की हवा निसटली आणि पाणी नाकात. चित्रकाराला वाकू नको म्हणणं म्हणजे स्वयंपाकिणीला चुलीजवळ जाऊ नको म्हणण्यासारखं आहे.

सुरुवातीला त्या जस्ताच्या पत्र्यावर पोलादी टोच्याने रेघा ओढत. मग तैलरंगांवर आल्या. इझेल म्हणून संगीताची वही ठेवायचा लोखंडी स्टँड. कॅनव्हास त्याला बांधलेला. रंगपाटी लाकडी, ती तरंगून वर जाणार, म्हणून तिला शिशाचं वजन. ब्रशचे दांडेही लाकडी. हातातून सुटला की जमिनीवर पडायच्या ऐवजी आकाशाकडे निघायचा. भोवती मासे येऊन टक लावून बघत उभे.

इथे रंगाची अडचण दुहेरी होते, हे लक्षात घ्यायला हवं. समोरचं प्रवाळ निळसर दिसतंय हे ठीक. पण हातातल्या पाटीवरचा रंगही त्याच निळ्या उजेडात दिसतोय. लाल रंगाचा गोळा तपकिरी-काळा वाटतो. तेव्हा खाली जुळलेला रंग वर उन्हात आणला की भलताच निघू शकतो. डोळ्यावर विसंबायचं, पण त्याला सतत दुरुस्तही करत राहायचं, असा हा मामला. पुढे खोल समुद्रातलं काम करताना ही उथळ पाण्यातली तालीम त्यांना उपयोगी पडली असणार. पाण्यातला उजेड ऐकून समजत नाही. त्यात काही तास उभं राहावं लागतं.

पोलादी गोळा

गोळ्याचं नाव बाथिस्फिअर. कल्पना आणि पैसा ओटिस बार्टन या तरुण इंजिनिअरचा. व्यास जेमतेम पावणेपाच फूट, भिंत दीड इंच जाड, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. खिडक्या वितळवलेल्या क्वार्ट्झच्या, आठ इंच रुंद आणि तीन इंच जाड. आत शिरायचं भोक चौदा इंचांचं. त्यातून बोल्टांवरून घासटत आत जायचं, मग बाहेरून चारशे पौंडांचं झाकण दहा बोल्टांनी आवळायचं. आत प्राणवायूच्या नळ्या, आणि कार्बन डायऑक्साइड व ओल शोषून घ्यायला रसायनांच्या थाळ्या. हवा फिरती राहावी म्हणून सुरुवातीला हातात काय होतं? ताडाच्या पानांचे पंखे. उन्हाळ्यात आजी ओटीवर बसून घ्यायची तसे.

धोका खरा होता. ९२३ मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ९५ किलोंचा दाब असतो. १९३२ मध्ये माणसांशिवाय केलेल्या एका चाचणीत खिडकीतून पाणी शिरलं. गोळा वर आणून झाकणाचा बोल्ट सैल करताच तो बंदुकीच्या गोळीसारखा डेकवरून सुसाट गेला. त्या दिवशी आत कोणी असतं तर पुढचं काही लिहायलाच उरलं नसतं.

बुड्यांचा आलेख असा: जून १९३० मध्ये आधी ८०३ फूट, मग पाच दिवसांत १,४२६; सप्टेंबर १९३२ मध्ये २,२०० फूट, आणि त्याचं रेडिओवरून थेट प्रक्षेपण; आणि १९३४ मध्ये, नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या पैशावर, ३,०२८.

फोटो का नाही काढले, असा प्रश्न येईल. पाण्याखालचे रंगीत फोटो १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ निघाले होते, पण ते उथळ पाण्यात, आणि तेही वर तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून. दोन हजार फुटांखाली सूर्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. तिथला एकमेव उजेड माशांच्या अंगचा: क्षणभर चमकणारा, काजव्यासारखा. खिडकीतून टाकलेल्या दिव्याच्या झोतातही मासा दिसून गेला की गेला. तो झेलायला त्या काळचा कॅमेरा पुरा पडत नव्हता. म्हणून ब्रश.

फोनवरून आलेला मासा

हा भाग मला सगळ्यात जास्त खिळवतो. बीबी खिडकीशी. वर डेकवर ग्लोरिया हॉलिस्टर, स्वतः प्राणिशास्त्रज्ञ, फोन कानाला आणि पेन्सिल हातात. खोली, वेळ, आणि खालून येईल तो शब्द: किती दिवे, कोणत्या रंगाचे, अंगावर कुठे, मासा कुठल्या कुठे गेला. वाक्यं अर्धवट असत. मासा कोणासाठी थांबत नसतो.

गोळा वर आला की बीबी या नोंदी आणि आपली कच्ची, वेडीवाकडी रेखाटनं घेऊन बोस्टेलमानबाईंसमोर बसत. मग प्रश्नोत्तरं सुरू. डोकं शरीराच्या मानाने केवढं? दिव्यांची ओळ पोटाखालून जाते का मधून? निळा म्हणजे कसला निळा? बाई काढत, बीबी खोडत, बाई पुन्हा काढत. बीबी ‘हाच तो’ म्हणेपर्यंत हे चाले. पोलिसांकडचा रेखाचित्रकार साक्षीदाराला समोर बसवून संशयिताचा चेहरा उभा करतो, तीच रीत. फरक इतकाच की इथे संशयिताला पुन्हा कोणी पकडून आणणार नव्हतं.

यात बोस्टेलमानबाईंच्या बाजूने एक भक्कम गोष्ट होती. गोळा ज्या समुद्रात सोडत त्याच परिसरात पथक वर्षानुवर्षं खोल पाण्यातली जाळी ओढत होतं. त्यात शेकडो जातींचे छोटे मासे, झिंगे, म्हाकळीचे प्रकार येत, बहुतेक मेलेले, काही अखेरच्या घटका मोजणारे. ते बाईंच्या टेबलावर जात. रंग उतरायच्या आत, कधी सूक्ष्मदर्शकाखाली धरून, त्या ते उतरवत. खोल समुद्रातल्या माशाचा जबडा कसा उघडतो, दिवे कुठे असतात, हे त्यांच्या हाताला पाठ झालं होतं. बीबी ‘लांबट, सुळेवाला’ म्हणाले की ब्रशला सांगाडा माहीत असे.

त्यांचं एक गाजलेलं चित्र आहे: काळ्याभोर पाण्यात सुईसारख्या सुळ्यांचा व्हायपरफिश जबडा वासून एका काटेरी गोल पिल्लाच्या मागे लागला आहे. पिल्लू सनफिशचं, मोठं झालं की टनाच्या हिशेबात वजन भरणारं, इथे घासभर. पार्श्वभूमी काळी ठेवायची ही युक्ती आज अगदी साधी वाटते, कारण खोल समुद्राचा प्रत्येक माहितीपट आता तसाच दिसतो. त्या आधीच्या ग्रंथांतले खोल पाण्यातले मासे मात्र बहुधा पांढऱ्या कागदावर, ताटात वाढल्यासारखे आडवे पडलेले असत.

पुन्हा न दिसलेले मासे

आता भांडणाचा भाग. बीबींनी गोळ्यातून पाहिलेल्या काही माशांना थेट नवीन जाती म्हणून शास्त्रीय नावं देऊन टाकली. सप्टेंबर १९३२ मध्ये २,१०० फुटांवर त्यांना दोन मोठे मासे दिसले, किमान सहा फूट लांब. कडेला फिक्या निळ्या दिव्यांची एक ओळ, खाली लोंबणारे दोन तंतू आणि प्रत्येकाच्या टोकाला दिव्यांची जोडी, वरचा तांबूस, खालचा निळा. नाव ठेवलं बाथिस्फेरा इन्टॅक्टा; इन्टॅक्टा म्हणजे अस्पर्शित. दुसरा एक गोलसर मासा, अंगावर पिवळ्या दिव्यांच्या पाच ओळी, प्रत्येक दिव्याभोवती जांभळे ठिपके. त्याला ‘पाच ओळींचा तारकामासा’ अशा अर्थाचं नाव मिळालं. दोन्ही बोस्टेलमानबाईंनी रंगवले.

प्राणिशास्त्राचा रिवाज असा की नवीन जात जाहीर करायची तर नमुना हातात हवा. तो संग्रहालयात ठेवतात, म्हणजे उद्या कोणालाही तपासता येतो. इथे नमुना नव्हताच. होतं फक्त चित्र. मत्स्यतज्ज्ञ कार्ल हब्ज यांनी बीबींच्या पुस्तकाच्या परीक्षणात खवचटपणे सुचवलं की तो तारकामासा म्हणजे एखादा चमकणारा जेलीफिशच्या जातकुळीचा जीव असावा, आणि बीबींच्या उत्सुक श्वासाने खिडकीवर धरलेल्या वाफेतून त्याचे दिवे फुलून दिसले असावेत. टोमणा झोंबरा आहे, पण मुद्दा चुकीचा नाही. त्या इतक्याशा जागेत दोन माणसं तासन्‌तास श्वास घेत होती.

त्यानंतर पाणबुड्या, यंत्रमानव, कॅमेरे समुद्रात कितीतरी खोल जाऊन आले. बीबींचे हे मासे कोणालाही पुन्हा दिसले नाहीत, जाळ्यातही आले नाहीत. समुद्र मोठा आहे हे खरं. बसएवढ्या राक्षसी म्हाकळीचा जिवंतपणीचा पहिला फोटोसुद्धा २००४ मध्ये मिळाला. तरी नव्वद वर्षांचं हे मौन बोलकं आहे.

माझी तक्रार बीबींच्या डोळ्यांविषयी नाही. अंधारात चमकून गेलेल्या गोष्टीबद्दल कोणाचाही डोळा फसेल. अडचण बोस्टेलमानबाईंच्या हातात होती, आणि ती त्यांच्या कौशल्यातून आली होती. व्हायपरफिश त्यांनी टेबलावर ठेवून पाहिला होता. बाथिस्फेरा फक्त ऐकला होता. चित्रांत मात्र दोघांच्या सुळ्यांना सारखीच धार आहे, दोघांच्या दिव्यांना सारखंच तेज. पाहिलेलं कुठे संपतं आणि ऐकलेलं कुठे सुरू होतं, हे चित्राकडे बघून कळत नाही. ऐकीव माशाची कड थोडी पुसट ठेवली असती तर चित्र कमी देखणं झालं असतं आणि जास्त खरं. पण चित्रं छापणाऱ्या मासिकाला देखणंच हवं असतं, आणि घर चालवणाऱ्या चित्रकाराने ते द्यावं यात नवल नाही.

दुसऱ्या पारड्यातही वजन टाकायला हवं. खोल समुद्रातले जीव बहुसंख्येने स्वतःचा उजेड करतात, ते अंधारात शिकार करतात, एकमेकांच्या मागे धावतात, हे सामान्य वाचकाला १९३० च्या दशकात चित्रांतून कळलं. दारूच्या बाटलीतल्या पांढऱ्याफटक माशाकडे बघून ते कधीच कळलं नसतं. त्यांची जाळ्यातल्या माशांची चित्रं आजही जातीनिशी ओळखता येतात.

आता काय कुठे आहे

बोस्टेलमानबाई १९६१ मध्ये वारल्या. बीबींचं नाव राहिलं, बाईंचं मागे पडलं. मोहिमांच्या चित्रकारांचं बहुधा असंच होतं. त्यांच्या विभागातली चित्रं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटीच्या दप्तरात जपलेली आहेत. २०१७ मध्ये मॅनहॅटनच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये विभागाच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती बऱ्याच वर्षांनी भिंतीवर लागली.

पोलादी गोळा त्याच शहरात कोनी आयलंडच्या मत्स्यालयात आहे. मुलाबाळांकडे न्यूयॉर्कला जाणारी मराठी मंडळी आता कमी नाहीत. जाल तेव्हा तो चौदा इंचांचा दरवाजा पाहून या, आणि जायच्या आधी व्हायपरफिशचं ते चित्र एकदा नीट बघून ठेवा.